पेठेतल्या अरुंद प्लॉटवर लाकडाचं तयार घर कसं उभारावं

दोन बाजूंना जुने वाडे, मध्ये पडलेल्या घराची १८ फूट रुंद आणि ४० फूट खोल जागा, समोर दहा फुटी बोळ. पुण्याच्या पेठांत, नाशिक-कोल्हापूरच्या जुन्या भागात, मुंबईच्या गावठाणांत अशा जागा पुष्कळ आहेत. तिथे आरसीसीचं काम काढलं की बोळात वाळू-खडीचे ढीग, दारात मिक्सर आणि शेजारच्या मातीच्या भिंतीला लागून खोल खड्डा, हे महिनोन्‌महिने चालतं. लाकडी चौकटीच्या भिंती, मजले आणि छप्पर यांचे तयार भाग, म्हणजे पॅनेल, वर्कशॉपमध्ये बनवून जागेवर फक्त जोडले, तर तळमजला आणि वरचा मजला उभा राहून छप्पर चढायला दोन-तीन आठवडे पुरतात. आपल्याला हे अगदी परकंही नाही. वाड्याची चौकटसुद्धा सुतार आधी जमिनीवर कुसू-खाचा पाडून, खुणा करून तयार करत आणि मग उभी करत.

मोठा फायदा वजनाचा. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत चौरस मीटरला साडेचारशे ते पाचशे किलो भरते. लाकडी चौकटीची भिंत आतल्या-बाहेरच्या बोर्डांसह पन्नास-साठ किलोंत, हद्दीवरची जास्त बोर्डांची भिंत ऐंशी-नव्वद किलोंत बसते. पाया उथळ राहतो आणि शेजाऱ्याच्या पायाखालची माती हलत नाही.

पर्यावरणाचा हिशोबही सरळ आहे. एक घनमीटर वाळलेल्या पाइनचं वजन साधारण ५०० किलो, त्यातला निम्मा भाग कार्बन. म्हणजे हवेतला सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइड त्यात अडकून राहतो. मात्र तो घर टिकलं तरच अडकून राहतो. वाळवीने दहा वर्षांत पोखरलेलं घर कोणाचंच भलं करत नाही. म्हणून पुढे सजावटीपेक्षा पाणी, वाळवी आणि आग यांवरच जास्त लिहिलं आहे.

आधी हद्द, मग ओळंबा

मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुन्या वस्तीत सहसा जुळत नाही. नगर भूमापन कार्यालयाची मोजणी करून खुणा पक्क्या करून घ्या. आराखडा त्यानंतर.

पॅनेलसाठी मात्र मोजणीचा नकाशा पुरत नाही. शेजारच्या भिंती सरळ नसतात. मातीच्या भिंतीला पोट सुटलेलं असतं, वरचा मजला दोन-तीन इंच बाहेर झुकलेला असतो. दर दोन मीटरवर जोत्याच्या, पहिल्या मजल्याच्या आणि वळचणीच्या पातळीला रुंदी मोजा, ओळंबा सोडून भिंतीचा झुकाव लिहून ठेवा आणि दोन्ही कर्ण घ्या. सगळ्यात कमी भरलेली रुंदी हीच तुमची रुंदी. त्यातून दोन्ही बाजूंना ५० मिमी मोकळी फट वजा करा. वीट-सिमेंटचं काम जागेवर तासून बसवता येतं. तयार पॅनेल अडकलं की ते बोळातच पडून राहतं.

त्याच भेटीत जमिनीत काय आहे तेही पाहा. वाड्यांत आड, हौद, जुना शौचखड्डा असायचा आणि घर पडल्यावर तो नुसत्या राड्यारोड्याने भरलेला असतो. दोन ठिकाणी दीड मीटर खोल चाचणी खड्डे घ्या आणि आळीतल्या जुन्या माणसांना आड कुठे होता ते विचारा. भरावावर अर्धा पाया आला की घर एका बाजूला बसतं आणि दारं अडकू लागतात.

परवानगीसाठी मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागते, मुंबईत स्वतंत्र नियमावली आहे. दाट वस्तीच्या भागासाठी सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, वेगळी असतात. ती आर्किटेक्टकडून लेखी घ्या. लाकडी चौकटीचं डिझाइन भारतीय मानक ८८३ प्रमाणे आणि वाऱ्याचा भार मानक ८७५, भाग ३ प्रमाणे केलेला हवा. वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४ मीटर धरतात. पुण्यासाठी केलेलं डिझाइन गिरगावात जसंच्या तसं चालत नाही.

हद्दीची भिंत: सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची

विटांच्या घरात शेजाऱ्याकडची बाजू गिलाव्याशिवायच राहते, कारण त्या फटीत गवंडी उभा राहू शकत नाही. पुढची तीस वर्षं तिथून ओल येते. तयार पॅनेलचा खरा उपयोग इथे होतो. बाहेरचा पृष्ठभाग वर्कशॉपमध्येच पूर्ण करायचा आणि पॅनेल आतून ढकलून जागेवर बसवायचं.

या भिंतीला आगीपासून दोन्ही बाजूंनी किमान एक तासाचं संरक्षण द्या. हा आकडा मनाशी असू द्या: पाइनसारखं मऊ लाकूड आगीत मिनिटाला साधारण ०.६५ मिमी जळत आत जातं, म्हणजे तासाला ३९ मिमी. पॅनेलमधला उभा दांडा ३८ मिमी जाड असतो. जाड तुळई बाहेरून कोळसा होऊनही आतून भार पेलते, तशी मुभा या दांड्याला नाही. त्याला बोर्डच वाचवतात. बाहेरून कॅल्शियम सिलिकेट बोर्डाचे १२ मिमीचे दोन थर, आतून १५ मिमी अग्निरोधक जिप्सम बोर्डाचे दोन थर, दांड्यांच्या मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर), अशी रचना मागा. थर्माकोल किंवा फोम भरू नका. बोर्ड कंपनीचं चाचणी प्रमाणपत्र एकट्या बोर्डाचं असेल तर त्याचा उपयोग नाही. दांड्याचा आकार, स्क्रूचं अंतर, थर आणि भराव या सगळ्यासकट पूर्ण भिंतीचं प्रमाणपत्र हवं आणि तुमची भिंत त्याच्याशी जुळली पाहिजे.

सांध्यांकडे लक्ष द्या. बाहेरच्या बोर्डाचा सांधा आणि चौकटीचा सांधा एका रेषेत आला तर धूर आणि पाणी दोन्ही थेट आत येतात. प्रत्येक पॅनेलचा बोर्ड एका कडेला चौकटीच्या ५० मिमी पुढे आणि दुसऱ्या कडेला ५० मिमी मागे ठेवा, म्हणजे शेजारच्या पॅनेलवर तो चढतो. कडेला आगीत फुगणारी पट्टी वर्कशॉपमध्येच चिकटवा, नंतर तिथे हात पोचत नाही. दोन घरांमधली फट म्हणजे आगीला मिळालेलं धुराडं असतं. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आणि रस्त्याकडच्या टोकाला ती रॉकवूलने दाबून बंद करा. वरून पत्र्याची टोपी हवीच, नाहीतर पाणी, पालापाचोळा आणि घुशी-उंदीर तिथेच मुक्काम करतात. टोपी शेजाऱ्याच्या भिंतीत खोचायची असेल तर त्याची लेखी संमती आधी घ्या. काम सुरू झाल्यावर मागितलेली संमती सहसा मिळत नाही.

हद्दीच्या भिंतीत खिडकी नाही, म्हणून उजेडासाठी वाड्यासारखा चौक सोडावा लागतो. त्याचं पाणी जोत्याखालून रस्त्याकडे नेणारा पाईप पायाबरोबरच टाका.

लाकूड कोणतं, कसं ओळखायचं

पॅनेलच्या चौकटीला भट्टीत वाळवलेलं, दाबाखाली प्रिझर्व्हेटिव्ह (कुज आणि वाळवी रोखणारं औषध) दिलेलं पाइन सोयीचं, कारण एकसारख्या मापात मिळतं. आयात लाकडाचा मोठा साठा कांडला-गांधीधामला उतरतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात किंवा नागपूरच्या लकडगंजात चौकशी करता येते. जंगल नव्याने लावलं जातं याचं प्रमाणपत्र मागा.

ट्रक उतरताना ओलावामापक घेऊन उभे राहा. सरासरी १२ टक्के हवा. १५ च्या वरचे दांडे बाजूला काढा. २० टक्क्यांच्या आत राहिलेल्या लाकडाला कुजवणारी बुरशी धरत नाही. पण हट्ट धरण्याचं दुसरंही कारण आहे. लाकूड आडव्या दिशेने आकसतं, ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण पाव टक्का. एका मजल्याच्या उंचीत आडवे टाकलेले दांडे आणि मजल्याच्या कड्या मिळून सुमारे ३५० मिमी लाकूड असतं. ते १५ वरून १० टक्क्यांवर आलं की ४ ते ५ मिमी बसतं. २५ टक्क्यांचं ओलं लाकूड वापरलं तर १३ मिमी, आणि मग टाइल्स फुटतात, पाईपचे सांधे निखळतात.

तांब्याच्या प्रिझर्व्हेटिव्हमुळे साधे खिळे लवकर गंजतात. गरम जस्त चढवलेले खिळे-बोल्ट वापरा, किनारपट्टीला स्टेनलेस स्टीलचे. कापलेल्या प्रत्येक टोकाला प्रिझर्व्हेटिव्हचे दोन हात द्या, कारण आतलं लाकूड उघडं पडलेलं असतं. आणि हे तुकडे बंबात किंवा चुलीत कधीही घालू नका. काही प्रक्रियांत आर्सेनिक असतं आणि ते राखेत उतरतं. शेकोटीसाठी ते न्यायला येणाऱ्यांनाही हे सांगा.

पाडलेल्या वाड्याचं सागवान मिळालं तर जरूर घ्या. मधल्या तुळईला आणि जिन्याला त्याच्या तोडीचं काही नाही. हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर निरोगी, बद्द आला तर आत पोकळ. टोकं नीट तपासा, कारण भिंतीत गाडलेलं टोकच आधी कुजतं. रंध्याला लावण्याआधी लोहशोधक फिरवून खिळे काढा. बिल आणि वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो का, ते खरेदीआधी पाहा.

पॅनेलची मापं

प्लायवूड ८ × ४ फुटांचं येतं, म्हणजे २४४० × १२२० मिमी. सगळा आराखडा त्या मापात बसवा, नाहीतर पैसे कचऱ्यात जातात. ३८ × १४० मिमीचे उभे दांडे ६१० मिमी अंतरावर, खाली एक आडवा दांडा, वर दोन. राहत्या खोलीची उंची फरशीपासून छतापर्यंत २.७५ मीटर लागते, त्यासाठी पॅनेल २.८५ मीटर उंच होतं. आठ फुटी प्लायवूडच्या वर ४१० मिमीची पट्टी उरते. तिच्या सांध्यामागे आडवा दांडा ठोकलाच पाहिजे. मागे आधार नसलेला सांधा वाऱ्याचा जोर घेत नाही.

बाहेरून १२ मिमी मरीन प्लायवूड, मानक ७१० चं. खिळे कडेने दर १५० मिमीवर, मधल्या दांड्यांवर ३०० मिमीवर. खिळा कडेपासून किमान १० मिमी आत. खिळे मारायच्या बंदुकीचा दाब जास्त असेल तर खिळ्याचं डोकं प्लायवूडमध्ये घुसतं आणि तो खिळा जवळजवळ वाया जातो. पहिल्याच पॅनेलवर हे तपासा. दोन शीटांमध्ये ३ मिमी फट सोडा, पावसाळ्यात प्लायवूड फुगतं.

असं २.४४ मीटर रुंद साधं पॅनेल सुमारे १२० किलो भरतं, सहा माणसं उचलतात. हद्दीचं पॅनेल जास्त बोर्डांमुळे जड होतं, ते १.२२ मीटर रुंदच करा, तरी दीडशे किलो होईल. आतली बाजू उघडीच ठेवून पाठवा. वायरिंग, प्लंबिंग तपासल्याशिवाय आतला बोर्ड लागू नये. वरचा दुसरा आडवा दांडा पॅनेलवर नको. तो उभारणीनंतर सांध्यांवरून सलग टाकायचा, म्हणजे पॅनेल एकमेकांना बांधली जातात. त्याचा सांधा खालच्या सांध्यापासून किमान ६०० मिमी दूर घ्या.

थंड देशांच्या पुस्तकातली एक गोष्ट इथे उचलू नका: भिंतीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद. तिकडे वाफ घरातून बाहेर जाते. आपल्याकडे पावसाळ्यात एसी चालू असला की दमट हवा बाहेरून आत येते, त्या थंड कागदावर दव धरते आणि दांडे मागून भिजत राहतात. बाहेरच्या बाजूला पाणी अडवणारं पण वाफ सोडणारं कापड लावा, आतून काही नको.

अरुंद घराची अशक्त बाजू

१८ फुटी घराला लांबीच्या दिशेने दोन अखंड भिंती मिळतात, त्या दिशेला ते दणकट असतं. रस्त्याला समांतर दिशेला मात्र पुढच्या भिंतीत दार, खिडकी किंवा दुचाकीची जागा असते आणि उरतात फूट-दीड फुटाचे तुकडे. वारा किंवा भूकंपाचा धक्का आला की काड्यापेटीच्या बाहेरच्या खोक्यासारखं घर तिरपं होतं. चित्र सुंदर दिसावं म्हणून पुढची बाजू सगळी काचेची करणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रमाद.

उपाय दोन: जिन्याची भिंत आडवी घेऊन तिला दोन्ही बाजूंनी प्लायवूड ठोकणं आणि पुढच्या तोंडाला पोलादी चौकट देणं. बहुतेक वेळा दोन्ही लागतात. वारा झेलणाऱ्या भिंतींच्या टोकांना पायात रुतवलेले जाड पत्र्याचे धारक हवेत. नुसत्या बोल्टवर टोक उचललं जातं.

आतली रुंदी पाच मीटर उरते. एवढ्या लांबीच्या कड्या मोडत नाहीत, पण चालताना थरथरतात आणि कपाटातली भांडी वाजतात. मधोमध पुढून मागे तुळई घ्या, कड्या अडीच मीटरच्या होतील. वाड्यात कडीपाटावर मातीचा थर असे, त्याच्या वजनाने पावलांचा आवाज दबायचा. आपण १८ मिमी प्लायवूड, त्यावर रबराचा थर आणि वर ४० मिमी कोबा घालावा. हे वजन डिझाइनमध्ये आधीच धरायला सांगा.

जोतं आणि वाळवी

जोतं रस्त्यापासून किमान ४५० मिमी, जमल्यास ६०० मिमी. लाकूड जमिनीला कुठेही टेकता कामा नये, पायरीचा दगडसुद्धा लाकडाला चिकटवू नका. मानक ६३१३, भाग २ प्रमाणे फवारणी करून घ्या: पायाच्या तळाला व बाजूंना चौरस मीटरला ५ लिटर, जोत्याच्या भरावावर ५ लिटर, बाहेरच्या कडेने उभ्या पृष्ठभागाला ७.५ लिटर. फवारणीच्या वेळी स्वतः थांबून डबे मोजा. कमी औषध हीच इथली नेहमीची चूक आहे. जोत्यावर जस्ती पत्रा टाकून तो ५० मिमी बाहेर काढा आणि पुढचे ५० मिमी ४५ अंशात खाली वळवा. पत्रा वाळवी मारत नाही, तिला वळसा घालून उघड्यावर यायला लावतो. मग तिची मातीची नळी डोळ्यांना दिसते.

काँक्रीटमध्ये १२ मिमीचे बोल्ट दर १.२ मीटरवर, प्रत्येक दांड्याच्या टोकापासून ३०० मिमीच्या आत एक. जोत्याची पातळी तीन मीटरमध्ये ३ मिमीपेक्षा जास्त चुकू नये. आपल्याकडे ती १०-१५ मिमी चुकते, म्हणून टीम नवी असेल तर जोतं झाल्यावर पुन्हा मोजा आणि मगच पॅनेल कापा. दोन-तीन आठवडे जातील, जाऊ द्या. उरलेली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मसाल्याने) भरा. लाकडी पाचर ठोकून काम भागवू देऊ नका.

बोळातून आत

जोतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उभारणी डिसेंबर ते फेब्रुवारी, हा क्रम धरा. टीम अनुभवी असेल तर पॅनेल आधीच, पावसाळ्यात वर्कशॉपमध्ये बनू शकतात, पण ती जमिनीपासून उचलून आणि झाकून ठेवा. झाकण बाजूंनी मोकळं हवं, नाहीतर आतच वाफ कोंडते.

ट्रक ठरवण्याआधी पॅनेलच्या मापाची बांबूची चौकट बांधून ती मुख्य रस्त्यापासून प्लॉटपर्यंत दोन माणसांना चालवत न्या. कोणत्या वळणावर ओटा आडवा येतो, कुठे वायर लोंबते, कुठल्या खिडकीचा पत्रा बाहेर आहे, ते अर्ध्या तासात कळतं. बोळात हायड्रा (फिरती क्रेन) वळत नाही. पॅनेल पिकअपमधून कडेवर उभी करून आणा आणि ती मागे बाहेर येणार नाहीत एवढ्या लांब हौद्याची गाडी घ्या. वरचा मजला चेन पुलीने चढवा. विजेच्या तारा जवळ असतील तर वीज कंपनीकडून त्या तासांपुरता पुरवठा बंद करून घ्या. शेवटी लागणारं पॅनेल गाडीत सगळ्यात आधी भरा. बोळात क्रम बदलायला जागा नसते.

मागच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. पहिली दोन पॅनेल काटकोनात उभी करून तिरपा टेकू द्या, ओळंबा पाहा, मग पुढचं. सांध्याला ६ × ७५ मिमीचे स्क्रू दर ३०० मिमीवर. मजला पूर्ण ठोकल्याशिवाय टेकू काढू नका.

पाणी

मोरी, संडास आणि स्वयंपाकघराची ओली बाजू मागच्या कोपऱ्यात एकावर एक, एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) वेगळ्या गाभ्यात घ्या, त्याचा पाया वेगळा. आपण बादलीने आंघोळ करतो, फरशीवर पाणी ओतून धुतो. लाकडी मजल्यावरच्या मोरीत एक केसाएवढी चीर पुरते आणि खालची कडी कुजेपर्यंत कोणाला कळत नाही. गाभा आकसत नाही, लाकूड आकसतं, म्हणून दोघांमध्ये १० मिमी लवचिक सांधा ठेवा आणि फरशी त्यावरून सलग नेऊ नका.

छपराचा उतार रस्त्याकडे आणि मागे. शेजाऱ्याकडे कधीच नाही. ताशी १०० मिमी पाऊस धरला तर १०० मिमीचा एक पाईप छपराचं सुमारे ४० चौरस मीटर पाणी वाहून नेतो. पन्हळीला दोन पाईप द्या, एक तुंबला तरी दुसरा चालू राहतो. पाईप भिंतीच्या आतून नेऊ नका. पुढच्या-मागच्या भिंतींवर आच्छादनामागे २० मिमी पोकळी, खाली बारीक जाळी, वर हवेला वाट. नियम मुभा देत असतील तर पागोळ्या भिंतीपासून ६०० मिमी दूर पडू द्या.

मेपर्यंत पन्हळ साफ, ऑक्टोबरात जोत्याभोवती टॉर्च घेऊन एक फेरी. पत्र्याच्या कडेवर पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली तर ती लगेच खरवडून टाकू नका. आधी फोटो काढा, ती कुठून वर आली ते शोधा आणि फवारणीवाल्याला तीच जागा दाखवा.